उंदीर त्या विहिरीवर येत नाही

बातमी आणली ती यवतमाळहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं. दवाखान्यासमोर आलं की हॉर्न वाजवायचा ही त्याची रोजची खोड, कारण डॉक्टरसाहेबांचं टपाल तोच आणून द्यायचा. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मी आत इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळत होतो. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तायडे, खोडवे डॉक्टर सकाळी वारले. मी तिथल्या दवाखान्यातूनच येऊन राह्यलो." छातीत कळ येते म्हणून दोन दिवसांची रजा टाकून ते यवतमाळला दाखवायला गेले होते. जाताना मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून मला बजावून गेले होते, "परवा येतो. तवर त्या गोऱ्ह्याच्या तोंडाले कोणाले हात लावू देऊ नका. दात आपण दोघं मिळून पाहू." ... पिचकाऱ्यांचं पाणी आटून भांडं करपलं, तेव्हा कुठं मला आपण उभे आहोत हे कळलं.

आता पाच आठवडे झाले. एका गोऱ्ह्याच्या दातांत एवढं काय होतं, असं पुरवणीच्या वाचकांना वाटेल. वाटू द्या. तेच सांगायला बसलो आहे, आणि ते सांगितल्याशिवाय खोडवे डॉक्टर काय माणूस होते ते सांगता येत नाही. आर्णीच्या बाजूला आमचा जनावरांचा सरकारी दवाखाना. ते तिथले डॉक्टर, मी ड्रेसर. मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, औषध पाजायचं आणि रजिस्टर लिहायचं, ही माझी कामं.

मला ही नोकरी लागली तेव्हा आमच्याच वस्तीतली माणसं हसली होती. कारण असं की छप्पन साली माझा बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मेलेली ढोरं ओढायचा दोर अंगणात जाळला. आजापासून चालत आलेला दोर होता तो. गावानं काम तोडलं, पाण्यावरून भांडणं केली, पण बा हलला नाही. आणि त्याचा मॅट्रिक झालेला पोरगा शेवटी ढोरांच्याच दवाखान्यात! "ढोरं सोडली अन् ढोरातच गेला," असं लोक म्हणायचे. बानं मला एकच अट घातली होती. जित्या जनावराची पाहिजे तेवढी सेवा कर, पण मेलेल्याले हात लावशीन तर या घरात पाय ठेवू नको. मी पहिल्याच दिवशी हे डॉक्टरांना सांगून टाकलं, म्हटलं नोकरी राहो की जावो. ते म्हणाले, "बरं केलं सांगितलं. तुमचं अक्षर कसं आहे?" मला 'तुम्ही' म्हणणारा पहिला साहेब हा. अक्षर चांगलं होतं. रजिस्टर माझ्याकडे आलं.

गोष्ट सुरू झाली ती आर्णीच्या बैलबाजारात. डॉक्टर तिथं झाडाखाली टेबल टाकून जनावरांचे दाखले देत. बैलाचं वय दातांवरून ठरतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अदात, दुदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळला. मग झिजत जातात. वरच्या तांड्याचे सकरू नायक त्या दिवशी आपला चांद्या विकायला घेऊन आले होते. पाचवं लागलं आहे म्हणत होते. व्यापाऱ्यानं ओठ उचलला आणि हसू लागला, कारण आत काळे-पिवळे, झिजून पार हिरडीला टेकलेले दात. हा बैल तुह्या आज्याच्या वरातीत होता काय रे, असं तो चारचौघांत म्हणाला. तांड्याची माणसं वय चोरतात ही बाजारात जुनीच बोलवा होती. नायक बैल घेऊन तडक डॉक्टरांपुढे आले. डॉक्टरांनी अंगठ्यानं ओठ वर केला, नीट पाहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "नायक, हा दहाच्या खाली नाही. खोटं कायले बोलता?"

नायक चिडले नाहीत. फार शांतपणे म्हणाले, "साहेब, याले याच्या मायच्या पोटातून तुमीच काढलं होतं. तुमी इसरले असान. आमी कसे इसरू?"

संध्याकाळी दवाखान्यात येऊन मी जुनं रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात नोंद होती. वरचा तांडा, गाय अडलेली, वासराचा पाय मागं वळलेला, गोऱ्हा, कपाळावर पांढरा चांद, जिवंत. तारीख पाहिली, तर बैल चार पुरा करून पाचव्यातच होता. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. समोरचा चहा गार होऊन गेला. "तायडे," ते म्हणाले, "मी भर बाजारात खऱ्या माणसाला खोटं पाडलं." दुसरा कोणी असता तर, झालं गेलं, म्हणून मोकळा झाला असता. हा माणूस सकाळी सायकल काढून तांड्यावर निघाला, आणि मला म्हणाला, रजिस्टर घ्या. नायकाच्या दारापुढं तांडा गोळा केला, मला नोंद मोठ्यानं वाचायला लावली, आणि हात जोडून म्हणाले की चूक माझी होती. सरकारी माणसानं तांड्यावर येऊन हात जोडलेले तिथं कोणी पाहिले नव्हते. बाया तर पदराआडून एकमेकींकडं बघतच राहिल्या.

माफीवर भागलं असतं. पण नायकाच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि ती हसली, तेव्हा डॉक्टरांचा तांब्याकडं जाणारा हात थांबला. तिच्या दातांवर तेच डाग होते. मग त्यांनी नायकांकडं नीट पाहिलं. पन्नाशीही न गाठलेला माणूस, पण मान वळेना. बाजूला पाहायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. आम्हाला वाटायचं, नायकी ताठा आहे. तांड्यातले दोन-तीन म्हातारे तर वाकले ते वाकलेच होते. डॉक्टर विहिरीवर गेले. टेकडीच्या खडकात खोल फोडलेली, बारमाही पाण्याची विहीर, तांड्याला तिचा केवढा अभिमान! दुपारी बैल पाण्यावर आले. ते घटाघट पीत नव्हते. तोंड बुडवायचे, झटक्यानं मागं घ्यायचे, परत जिभेनं हळूहळू चाटायचे. झिजल्या दाताला गार पाणी सोसत नव्हतं. डॉक्टर कितीतरी वेळ उकिडवे बसून हे पाहत राहिले.

त्यानंतर त्यांनी जे धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाचा आजार शोधायला सरकार जो पैसा देतं, त्यातला थोडा गोठ्यातल्या जनावरावर खर्च करा. तेच पाणी, तोच वारा, त्याच शेतातला दाणा-कडबा. जनावराला आधी होतं, माणसाला मागून. जनावर नीट पाहिलं तर माणूस वेळेत सावध होईल. हे त्यांनी अर्जात लिहिलं, मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, आणि पाठवलं. उत्तर आलं की हा विषय पशूंचा आहे, शेती खात्याकडं जा. शेती खात्यानं कळवलं की विषय मानवी आरोग्याचा आहे, आरोग्याकडं जा. पुन्हा आरोग्याकडं पाठवला तर उलट टपाली सल्ला आला की असलं काम प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरावर करायचं असतं. मी संतापलो. इकडून तिकडं, तिकडून इकडं, आपण काय विटीदांडूतली विटी आहोत? डॉक्टर मात्र प्रत्येक उत्तर नीट घडी करून ठेवायचे आणि म्हणायचे, "वाचून तर राह्यले ना? घ्या, नवा कागद घ्या."

दीड-दोन वर्षांनी एकदाचे शहरातून एक मोठे डॉक्टर पाहणीला आले. समितीतले वजनदार गृहस्थ. त्यांनी हो म्हटलं की निधी मिळणार, आणि निधी मिळाला तर पाण्याची रीतसर तपासणी होऊन तांड्याला दुसरी विहीर मिळण्याची आशा. आम्ही तांड्याला आठ दिवस आधी निरोप दिला. इथंच घात झाला. बाजाराला बैल न्यायचा तर आदल्या दिवशी विटेचा चुरा आणि राख घेऊन बाभळीच्या काडीनं त्याचे दात घासायचे, ही तांड्याची नवी रीत. चांद्याची फजिती झाल्यापासून लागलेली. इथं तर शहरातून साहेब येणार! सगळ्या तांड्यानं आठ दिवस बैलांचे दात घासले. शिंगांना तेल लावलं. आणि डागाळल्या दातांची पोरं पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून सकाळीच रानात पाठवून दिली. बायांनी पदर तोंडावरून काढले नाहीत. मोठे डॉक्टर दोन-चार बैलांचे ओठ उचलून बघतात तर दात बऱ्यापैकी उजळ. घड्याळ पाहून ते म्हणाले, मला तर काही विशेष दिसत नाही, आणि मोटारीत बसले.

मोटार दिसेनाशी झाल्यावर मी सकरू नायकांवर जे तोंड सोडलं, ते आठवलं की आजही लाज वाटते. तुमच्यासाठी हा माणूस रात्रंदिवस झटतो आणि तुम्ही त्याचा पुरावाच राखेनं घासून टाकला... नायक खाली बघत उभे. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तायडे, पाहुण्यापुढं कोणी मळक्या तोंडानं उभं राह्यते का? चूक आपली. आपण साहेब येणार ते सांगतलं, काय पाहाले येणार ते सांगतलंच नाही." मग तांड्यात बसून त्यांनी, पहिल्यांदाच, सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं. दात, हाडं, सगळं त्या अभिमानाच्या विहिरीच्या पाण्यानंच बिघडत असावं, म्हणाले. सुनेनं विचारलं, पोरायचे दात जातीन का सुधरून? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, आलेले नाही सुधरणार बाई, पुढच्यांचे सुधरतील. ती उठून आत निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात चांद्या गेला. चारही पाय धरले होते, उठताच येईना. तांड्यात बैल म्हणजे पोटचा लेक, त्याला पुरतात. डॉक्टरांना जबडा हवा होता. दात घासता येतात, हिरडीच्या आतलं हाड घासता येत नाही. पण मागायचं कसं? मागितला शेवटी. नायकांनी चांद्याच्या कपाळावरच्या चांदावर हात ठेवला. "बजारात याचं तोंड खोटं ठरलं होतं साहेब," ते म्हणाले. "न्या. आता यालेच बोलू द्या."

जबडा काढायचा कोणी हा प्रश्न होता, आणि सगळ्यांच्या नजरा कुठं वळल्या ते मला सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराकडं वळायच्या तिकडंच. एवढ्या वर्षांची खटपट, त्या सुनेचं तोंड... मी कोट काढून ठेवला. म्हटलं, साहेब, आणा तो चाकू, बाची मी समजूत घालीन. डॉक्टर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले. "तुमच्या बानं जे जाळलं ते माझ्या अर्जासाठी तुम्ही पुन्हा हातात घ्यायचं नाही. तिकडं सावलीत बसा अन् मी सांगतो ते लिहा." भर उन्हात, नाल्याकाठी, कोपरापर्यंत हात भरवून त्यांनी स्वतः जबडा सोडवला. मी बाभळीखाली बसून लिहीत होतो.

याची किंमत त्यांनी मोजली. घरी त्यांच्या आईनं त्यांना गोठ्यात आंघोळ करायला लावली आणि महिनाभर ताट वेगळं वाढलं. गाव 'हाडके डॉक्टर' म्हणू लागलं. सत्यनारायणाची बोलावणी बंद झाली. ते हसून म्हणायचे, शिऱ्यानं तसंही पोटात जळजळते. जबडा उकळून, उन्हात वाळवून त्यांनी औषधांच्या कपाटावर ठेवला, खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. रोज सकाळी आले की आधी खिशातल्या रुमालानं त्याच्यावरची धूळ पुसायचे, मग टोपी काढायचे. बाकी सगळ्या दवाखान्याची झाडझूड माझ्याकडे होती. ते कपाट सोडून.

त्याच वर्षी नागपूरला समितीपुढं जायचं बोलावणं आलं. आम्ही दोघं निघालो. जबडा टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर, रजिस्टर माझ्या. बाभुळगावला मोटार थांबली तेव्हा कंडक्टरला संशय आला. गाठोडं सोडायला लावलं, आणि शेजारची बाई जी किंचाळली की अर्धी मोटार खाली. आम्हालाही उतरवलं. धामणगावची आगगाडी गाठायला पुढचा पल्ला आम्ही सरकी वाहणाऱ्या एका खासरात, म्हणजे बैलगाडीत, बसून काढला. डॉक्टर गाडीवानाला वाटभर त्याच्या बैलांचे दात दाखवत होते.

समितीच्या खोलीत हिरवं कापड घातलेलं लांब टेबल होतं. अध्यक्षांनी पुन्हा तेच विचारलं, उंदरावर का करत नाही? डॉक्टरांनी टॉवेल सोडला आणि जबडा त्या हिरव्या कापडावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. पण इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस आपल्या बोलीवर आला.

"उंदीर त्या विहिरीवर येत नाही साहेब. बैल येते. अन् त्याच्यामागं बाई घागर घेऊन येते. त्याले जे पाच वर्षांत होते, ते तिले पंचवीस वर्षांनी होते. आगाऊ सांगणारं जनावर आपल्या गोठ्यात बांधलेलं आहे, अन् आपण पिंजरे घेऊन राह्यलो."

बैलाचं खरं वय कशावरून, असं कोणीतरी विचारलं. मला पुढं बोलावून नोंद वाचायला सांगितली. मी वाचली. हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. आपण कोण? मी ड्रेसर म्हणणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हे माझे सहकारी, तायडे." त्या खोलीतलं बाकीचं पुष्कळ विसरलो, हे नाही विसरलो. टेबलाच्या टोकाला आमच्याकडं येऊन गेलेले ते मोठे डॉक्टर बसले होते. त्यांनी जबडा ओढून घेतला, चष्मा वर केला, हिरडीच्या खालचं फुगलेलं, खडबडीत हाड बोटानं चाचपलं. मग म्हणाले की त्या दिवशी मी ओठ उचलला होता, तोंड पाहिलं नव्हतं. मोठा माणूस, त्यालाही मानलं पाहिजे.

निधी मंजूर झाला. लहानसाच, पण झाला. पाणी तपासलं, त्यात फ्लोराइडचा क्षार बेसुमार निघाला, जनावरं तपासली, मग माणसं तपासली, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. त्या कागदांच्या जोरावर नाल्याकाठी उथळ विहीर झाली. टेकडीवरच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या तेव्हा नायक फळीवर हात ठेवून उभे होते. नवीन पाण्यावर गाभण राहिलेल्या गाईचा पहिला गोऱ्हा जन्मला, त्याची नोंद मी केली. डॉक्टर दर महिन्याला त्याला पाहून यायचे. त्याचे दुधाचे दात पडून पहिले दोन पक्के दात येतील तेव्हा कळेल, म्हणायचे. तोवर मला शाबासकी देऊ नका कोणी. आणि आत्ता, या हिवाळ्यात, दात हलायला लागल्याचा निरोप आला... आणि हा माणूस मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून गेला तो गेलाच.

परवा तांड्यावरून निरोप आला की दात आले आहेत, तुमची वाट पाहून राह्यलो, तोंडाले कोणी हात लावला नाही. मी कपाटासमोर उभा राहिलो. जबड्यावर पाच आठवड्यांची धूळ साचली होती. चांद्याचे आणि या गोऱ्ह्याचे दात शेजारी शेजारी ठेवून पाहायचे हे डॉक्टरांनी ठरवून ठेवलं होतं. मी तसाच घरी गेलो. बा ओसरीवर ऊन खात बसला होता, आता नीट दिसत नाही त्याला. मी विचारलं, बा, डॉक्टरसाहेबांचं ते हाड आहे, ते उचलू का?

बानं तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. मग म्हणाला, "तुले कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही."

"मंग उचल," बा म्हणाला.

रुमालानं पुसून मी तो दोन्ही हातांनी उचलला. वाटलं होतं त्याहून हलका होता. टॉवेलात गुंडाळून सायकलवर तांड्यावर नेला. सगळा तांडा जमला होता. नायक अंग वळवून गोऱ्ह्याशेजारी उभे राहिले, त्यांची मान काही आता वळायची नाही. मी डॉक्टरांसारखाच अंगठ्यानं गोऱ्ह्याचा ओठ वर केला. दोन दात, नवे, दुधासारखे पांढरे. नायकांना माझा गप्पपणा सोसेना. "घासले नाही साहेब," ते म्हणाले, "याडीची, मायची आण, घासले नाही." मागं सून उभी होती, कडेवर वर्षाची पोर. पोरीला दोनच दात आलेले, ती ते जबड्याकडं बघून दाखवत होती. मग मला राहवलं नाही, सगळ्यांदेखत रडलो.

तिथंच बाभळीखाली बसून रजिस्टर उघडलं. वरचा तांडा, गोऱ्हा, दुदाती, दात पांढरे, घासलेले नाहीत. तपासणाऱ्याचं नाव या रकान्याशी हात थांबला. मग लिहिलं, डॉ. खोडवे, आणि खाली, सहकारी तायडे.